वाचकांचे प्रश्न : हात न लागता सुटलेला दगड

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. नाताळाआधीच्या आगमनकाळात आमच्या घरगुती प्रार्थनासभेत जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला. पुतळ्याचा चुराडा करणारा दगड म्हणजे देवाचे राज्य, असे सांगण्यात आले. ते राज्य प्रभू येशूच्या काळीच आले असेल, तर जगातली राज्ये अजून उभी कशी? आणि आले नसेल, तर ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे प्रभूने का सांगितले? – एक वाचक, घोरपडी, पुणे

उत्तर : जय ख्रिस्त. ज्यांनी तो अध्याय अलीकडे वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी स्वप्न सांगतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाला दिसलेल्या आणि दानीएलाने उलगडून सांगितलेल्या पुतळ्याचे डोके सोन्याचे, छाती व हात रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले काही लोखंडाची, काही मातीची होती. एक दगड कोणाचाही हात न लागता सुटतो, पावलांवर आदळतो, पुतळ्याचा खळ्यातील भुसा होऊन वाऱ्यावर उडून जातो आणि त्या दगडाचा पर्वत होऊन तो सारी पृथ्वी व्यापतो.

चार धातू म्हणजे कोणती चार राज्ये, यावर फार शाई खर्च झाली आहे. प्राचीन मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती चर्चने, बाबेल, मेद-पारस, ग्रीस आणि रोम असा क्रम लावला. आजचे बरेच अभ्यासक बाबेल, मेद, पारस आणि ग्रीस असा लावतात व इ.स.पू. 167मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणाऱ्या ग्रीक वंशाच्या राजा अंतियोख एपिफानेसाच्या छळाशी त्याचा संबंध जोडतात. दुसऱ्या अध्यायात दानीएल स्वतः फक्त सोन्याच्या डोक्याचा उलगडा नाव घेऊन करतो. बाकीच्या राज्यांची नावे तो घेत नाही. जिथे तो थांबला तिथे आपणही थोडे थांबावे आणि लक्ष दगडाकडे द्यावे, असे मला वाटते.

माझ्या लहानपणी गुरुवार पेठेतील आमच्या गल्लीत पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया येत असत. उन्हात बसून त्या छिन्नीचा एकेक घाव घालीत आणि काळ्या पाट्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटत जाई. दगडाला धार आणि आकार येतो तो माणसाच्या हाताने, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘हात न लागता’ हे शब्द वाचताना थबकायलाच हवे. पुतळ्यातला प्रत्येक धातू माणसाने वितळवलेला आणि ओतलेला आहे. दगडावर मात्र कोणाच्याही छिन्नीची खूण नाही. जेरोमसारख्या प्राचीन भाष्यकारांनी यात प्रभूच्या कुमारीजन्माची खूण पाहिली. तेवढे नेमके बोट ठेवावे की नाही याविषयी मतभेद असू शकेल, पण हे राज्य तलवारीने, पैशाने किंवा मतांच्या बेरजेने उभे राहणारे नाही, एवढे या शब्दांतून निःसंशय निघते.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. ‘राज्य’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हटले की डोळ्यांपुढे नकाशा येतो. ‘शिवरायांच्या राज्यात’ म्हटले की नकाशा मागे पडतो आणि अंमल, न्याय, रयतेची काळजी पुढे येते. नव्या करारातील ‘बासिलेया’ या ग्रीक शब्दात हा दुसरा अर्थ आधी येतो, म्हणजे राजाचे राजेपण, त्याची सत्ता चालणे. म्हणूनच भुते काढताना प्रभू म्हणू शकतो की देवाचे राज्य तुमच्यावर आलेच आहे (लूक 11:20), कारण तिथे त्या घटकेला देवाची सत्ता चाललेली आहे. परुश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, ‘राज्य केव्हा येणार’ असे विचारले तेव्हा तो ते त्यांच्यामध्येच असल्याचे सांगतो, आणि राजा त्यांच्यासमोर उभा असूनही त्यांना तो दिसत नाही. तोच प्रभू शिष्यांना ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना शिकवतो. जे पूर्णपणे येऊन चुकले आहे, ते यावे म्हणून कोणी प्रार्थना करीत नाही.

ही विसंगती नव्हे. दानीएलाचाच मजकूर पुन्हा पाहा. दगड आदळणे ही एक गोष्ट आहे आणि त्याचा पर्वत होऊन पृथ्वी भरून जाणे ही दुसरी. त्या दोहोंमध्ये वाढीचा काळ आहे. मोहरीच्या दाण्याचा आणि पिठात लपवलेल्या खमिराचा दाखला देऊन प्रभूने हाच मधला काळ समजावला. ऑस्कर कुलमन या अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धाचा दाखला दिला होता : निर्णायक लढाई जिंकली गेली म्हणजे युद्धाचा निकाल लागतो, तरी विजयदिन उजाडेपर्यंत गोळीबार चालूच असतो. क्रूस आणि पुनरुत्थान ही ती लढाई, आणि प्रभूचे पुनरागमन हा तो दिवस.

जगातली राज्ये उभी आहेत, असे आपण लिहिता. पण कोणती? 17 नोव्हेंबर 1817 रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. 1828च्या आगीत आतले महाल जळून गेले. आणि ज्यांनी निशाण चढवले त्यांचेही राज्य 1947मध्ये गेले. पुणेकराला दानीएलाचा दुसरा अध्याय समजायला बाबेलपर्यंत जावे लागत नाही, बाजीराव रस्त्यापर्यंत गेले तरी पुरते.

प्रश्न : प्रकटीकरणातील हजार वर्षांचे राज्य शब्दशः मानावे काय? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. – एक भगिनी, वानवडी, पुणे

उत्तर : ख्रिस्त आपल्या लोकांसह हजार वर्षे राज्य करील, हा उल्लेख प्रकटीकरण या पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात येतो. जस्टिन आणि इरेनियस या आरंभीच्या मंडळीतील शिक्षकांनी तो शब्दशः घेतला. त्यांच्यानंतरचा थोर धर्मशिक्षक ऑगस्टिनही आरंभी तसेच मानीत होता, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे त्याने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचा सध्याचाच काळ, असा अर्थ केला. शुभवर्तमानाच्या प्रसाराने आधी जग बदलेल आणि मग प्रभू येईल, असे मानणारा तिसरा पक्षही आहे. मी स्वतः ऑगस्टिनच्या बाजूचा आहे. तरीही हे लक्षात ठेवावे की नायसियाच्या मतांगिकारात (मंडळीच्या समान विश्वासाच्या घोषणेत), म्हणजे इ.स. 381च्या सभेपासून चालत आलेल्या तिच्या रूपात, ‘त्याच्या राज्याला अंत नाही’ हे आहे आणि हजार वर्षे नाहीत. मंडळीने जे सर्वांना बंधनकारक केले नाही, त्यावरून एका घरात दोन चुली मांडू नयेत.

प्रश्न : आमच्या सासूबाईंना मोबाइलवर एक संदेश आला असून त्यात प्रभूच्या येण्याचे वर्ष हिशोबाने काढून दिले आहे. त्या नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून दान करायला निघाल्या आहेत. त्यांना कसे समजवावे? – एक वाचक भगिनी, खडकी, पुणे

उत्तर : ताई, हा प्रश्न वाचून मला आजोबांचे पवित्र शास्त्र आठवले. दानीएलाच्या आठव्या अध्यायाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने बेरीज मांडली होती, खोडली होती, पुन्हा मांडली होती. कागद तिथे घासून पातळ झाला होता. आजोबा भोळे नव्हते. त्यांना प्रभूला पाहण्याची ओढ होती, आणि सासूबाईंच्या मनातही तीच असणार. म्हणून त्यांची थट्टा कोणी करू नये.

पण हिशोबाचे काय होते तेही त्यांना सांगा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात विल्यम मिलर या उपदेशकाने त्याच आठव्या अध्यायातील 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे असे धरून इ.स.पू. 457पासून मोजणी केली. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरवली. काहींनी उभी पिके कापली नाहीत. तो दिवस सरला, रात्र सरली, आणि दुसऱ्या दिवशी ती माणसे रडत बसली. थेस्सलनीका येथील मंडळीतही प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी अफवा उठली होती; त्याच मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौलाने काम सोडून बसलेल्यांना स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खाण्याची आज्ञा दिली.

ठेव मोडू नये. दान करायचेच असेल तर सासूबाईंनी आपल्या पेन्शनमधून दर महिन्याला करावे. त्याला कोणत्याही वर्षाची मुदत लागत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय मोठ्याने वाचा. शिष्य राज्याविषयी अगदी हाच प्रश्न विचारतात. काळ व समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, असे सांगून प्रभू लगेच त्यांना कामाला लावतो. वाचन नातीकडून करून घेतलेत तर अधिक बरे.