साठच्या दशकातले रॉकवाले खरंच अध्यात्माकडे वळले होते की नुसती फॅशन होती?

दोन्ही, पण माणसागणिक वेगळं. बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडचंच बघा ना, फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघं ध्यान शिकवणाऱ्या महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले, रिंगो जेमतेम दहा दिवसांत परत, कारण तिथलं जेवण त्याला आणि माश्या त्याच्या बायकोला काही झेपल्या नाहीत 😄 बाकीचेही एकेक करून निघाले, लेनन तर महर्षींवर वैतागूनच गेला. तिथे गाणी मात्र ढिगाने लिहिली.

बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनची गोष्ट वेगळी. तो १९६६ मध्येच मुंबईत ताजला टोपणनावाने उतरून रविशंकरांकडे सतार शिकत होता, मग बातमी फुटली, खाली पोरांची गर्दी झाली आणि दोघांना काश्मीरला हाऊसबोटीवर जावं लागलं. जानेवारी ६८ ला परत मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन त्याने 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचा ट्रॅक रेकॉर्ड केला, गंमत म्हणजे शब्द ताओ ते चिंग या जुन्या चिनी ग्रंथावरून घेतलेले! म्हणजे 'पूर्व' म्हटलं की सगळं एकाच भांड्यात. तरी हा गडी मरेपर्यंत कृष्णभक्त राहिला, त्यामुळे त्याला नाटकी म्हणवत नाही.

आणि रविशंकरांना स्वतःला हा हिप्पी प्रकार फारसा आवडला नव्हता. नशा करून राग ऐकायला बसणं त्यांना अपमान वाटायचा, अमेरिकेतल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात १९६७ साली रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली तेही त्यांना सहन झालं नाही, वाद्याची पूजा करणाऱ्या माणसाला कसं होणार?