गड्ड्याची जत्रा आणि लग्नातला डीजे

प्रश्न : आम्ही सोलापूरचे ख्रिस्ती कुटुंब. संक्रांतीला शेजाऱ्यांचा तिळगूळ घ्यावा की नाही, मुलांना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतील पाळण्यांत बसू द्यावे की नाही, यावरून घरात वाद होतात; मुलीच्या लग्नात मात्र सर्वांनाच डीजे आणि थाटमाट हवा आहे. जगाच्या ओढीपासून दूर कसे राहावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात दडलेला आहे. बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात (2:16) ‘जग’ म्हणजे देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी असे सांगितले आहे. त्यात शेजाऱ्याची भाषा, पेहराव किंवा पाळणा येत नाही. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही अभंग आणि कीर्तन सोडले नाही, उलट त्याच चालीवर ख्रिस्ताचे गुणगान केले.

तिळगुळाबाबत प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:25–29) दिलेला सल्ला उपयोगी पडेल : वाढलेले चौकशी न करता खावे, परंतु ते नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितल्यास सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी नम्रपणे नाकारावे. मुलांनी पाळण्यात जरूर बसावे. पूजाविधीत सहभागी होऊ नये, एवढे त्यांना आधीच समजावून सांगा.

लग्नाचे मात्र मला पटत नाही. कर्ज काढून केलेला थाट चर्चच्या आवारात झाला तरी तो फुशारकीच ठरतो, आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण आपले सगेसोयरेही तेच करतात. खर्चाचा आकडा मुलीला बरोबर घेऊन आधी ठरवा, मग निमंत्रणपत्रिका छापा.