वाचकांचे प्रश्न: ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ म्हणजे नेमका किती?

प्रश्न : पत्नीचं वय 58. टू-डी इकोत ‘सिव्हिअर एमआर, ईएफ 62 टक्के’ असं आलंय. तिला काही त्रास नाही. पंपिंग इतकं चांगलं असताना डॉक्टर ऑपरेशनचा विषय का काढतात?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : एमआर म्हणजे मायट्रल झडपेतली गळती. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा असे दोन कप्पे असतात, त्यांच्या मधली ही झडप. खालचा कप्पा आवळला की ती घट्ट मिटायला हवी. नाही मिटली, तर काही रक्त महाधमनीत न जाता उलटं वरच्या कप्प्यात जातं आणि तिथला दाब मागे फुफ्फुसांपर्यंत पोचतो.

ईएफचा आकडा फसवतो तो इथेच. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडलं एवढंच तो सांगतो. कुठे गेलं, ते सांगत नाही. धडधाकट माणसाच्या कप्प्यात साधारण 120 मिलि रक्त भरतं, त्यातलं 70 पुढे जातं. ईएफ झाला 58. आता मोठ्या गळतीचं उदाहरण घ्या. ताणून मोठ्या झालेल्या कप्प्यात 170 मिलि भरलं, 110 बाहेर पडलं. ईएफ 65, म्हणजे वर सरस! पण त्या 110 मधलं 55 मागे गेलं, शरीराला मिळालं 55. मागे गेलेलं रक्त पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली येतं, म्हणून कप्पा ताणला जातो. शिवाय मागची वाट कमी दाबाची, त्यामुळे थकलेला स्नायूही ‘चांगला’ दिसतो.

म्हणून अशा रुग्णात ईएफ 60 किंवा त्याखाली आला, की स्नायूला इजा सुरू झाली असं धरतात आणि त्रास नसला तरी ऑपरेशन सुचवतात. 62 हा आकडा त्या कडेवरचा आहे. रिपोर्टात ‘एलव्हीआयडी’ (डाव्या खालच्या कप्प्याची रुंदी) दोनदा लिहिलेलं असेल, एकदा ‘डी’ आणि एकदा ‘एस’. ‘एस’ म्हणजे आवळलेल्या कप्प्याचं माप. ते 40 मिमी किंवा जास्त असेल तर तोही इशाराच. काही ठिकाणी ते सेंटिमीटरमध्ये, 4.0 असं छापतात. मात्र हा सगळा हिशेब झडपच बिघडली असेल तेव्हाचा. हार्ट अटॅकनंतर हृदय पसरून झडप मिटेनाशी झाली असेल, तर आधी औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहतात.

‘त्रास नाही’ हे जरा तपासून घ्या. माणूस नकळत लिफ्ट धरतो, भाजीची पिशवी दुसऱ्याकडे देतो आणि दम लागत नाही म्हणतो. पर्वतीच्या पायऱ्या गेल्या वर्षी न थांबता चढत असतील, तर यंदा किती वेळा थांबावं लागतं ते विचारा. रात्री दोन उशा लागणं, झोपेतून गुदमरून उठून बसणं, नाडी एकदम अनियमित होणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अनियमित नाडीत वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

झडप दुरुस्त होण्यासारखी असेल तर बदलण्यापेक्षा दुरुस्ती बरी. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी नेमाने. पालक-मेथी बंद करायची नसते. आठवड्याला साधारण तेवढीच खायची, कारण प्रमाण बदललं की आयएनआरही हलतो.

प्रश्न : वडिलांची महाधमनीची झडप गळते. बीपी 160/50 येतं. खालचा आकडा कमी आहे, मग काळजी कशाची?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : तो खालचा आकडाच काळजीचा. सोसायटीच्या पंपावरची एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) खराब झाली, की मोटर बंद होताच वरच्या टाकीतलं पाणी खाली उतरतं. तसंच दोन ठोक्यांच्या मधे महाधमनीतलं रक्त हृदयात परत येतं, म्हणून खालचा दाब पडतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मुख्यतः याच मधल्या वेळात भरतात. दाब पडला की तिथला पुरवठाही तुटपुंजा होतो. मानेतल्या शिरा उडताना दिसणं, उशीवर डोकं टेकलं की ठोके ऐकू येणं ही नेहमीची लक्षणं.

नाडी मंद करणारी गोळी घरात दुसऱ्या कुणाची असेल तर ‘धडधड कमी होईल’ म्हणून ती देऊ नका. ठोक्यांमधला वेळ वाढला, की गळायलाही जास्त वेळ मिळतो.

प्रश्न : वय 31, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये ‘ट्रिव्हिअल टीआर’ आलं.
(एक वाचक, बाणेर)

उत्तर : सोडून द्या. टीआर म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतली गळती, ‘ट्रिव्हिअल’ म्हणजे नगण्य. इतपत गळती निरोगी माणसातही सर्रास दिसते. हृदयाचे कप्पे नॉर्मल असतील तर पथ्य नाही, औषध नाही.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची, संधिवाताच्या तापाने झडप थोडी गळते. दर 21 दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन फार दुखतं. गळती थोडीच आहे, तर बंद करू का?
(एक वाचक, धायरी)

उत्तर : नाही. थोडी आहे म्हणूनच चालू ठेवायचं. घशातल्या जंतूंची लागण पुन्हा झाली, ताप उलटला, की प्रत्येक खेपेला झडप आणखी आकसते. औषधाचं रक्तातलं प्रमाण तिसऱ्या आठवड्यानंतर बरंच उतरतं, म्हणून 21 दिवस. 27 किलोंच्या वरच्या मुलांना 12 लाख युनिट देतात. झडपेत दोष राहिला असेल, तर शेवटच्या तापापासून किमान 10 वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांतलं जे लांब असेल तोवर चालू ठेवतात.

दुखणं कमी करता येतं. औषध फ्रिजमधून काढून लगेच टोचू नये. दोन-तीन मिनिटं संथपणे सोडलेलं कमी झोंबतं. बारीक सुईचा हट्ट धरू नका, औषध दाट असतं, सुई चोंदते आणि पुन्हा टोचावं लागतं. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवा. तारीख चुकलीच, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. लगेच द्या आणि 21 दिवस तिथून मोजा.