वडिलांसाठी हॉस्पिस केअरचा निर्णय केव्हा घ्यावा?

तुम्ही विचारलंय: वडील ८१ वर्षांचे, इंदूरला रामबागेत घरी आहेत, हृदय अशक्त, किडनी थकलेली, चार महिन्यांत तीनदा भरती. भाऊ म्हणतो, हॉस्पिस (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करण्यासाठी केलेली शुश्रूषा) म्हणजे हात टेकणं.

तसं मुळीच नाही. मी याच शुश्रूषेच्या कामात आहे, म्हणून स्पष्ट सांगते. ‘किती दिवस उरलेत’ यात अडकू नका. नेटवर दिसणारी सहा महिन्यांची अट अमेरिकेतल्या विम्याची आहे, ती आपल्याला लागू नाही. शिवाय हृदयाच्या आजारात दिवस मोजता येत नाहीत. माणूस कोसळतो, सावरतो, घरी येतो, आणि घरच्यांना वाटतं की निभावलं. पाहायचं ते हे की भरतीनंतर ते आधीच्या पायरीवर परत आले का. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात, मग फाटकापर्यंत, आता बाथरूमपर्यंतही धरून न्यावं लागतं. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलेलं, दोन वाक्यं बोलताना धाप: यातलं बरंच जुळत असेल तर वेळ आली आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, "वर्षभरात हे गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" ‘किती दिवस’पेक्षा या प्रश्नाला खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

मग वडिलांना विचारा. बुद्धी शाबूत आहे तोवरच. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मानला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आयसीयूबाहेर रात्री दोन वाजता भावाभावांनी हे ठरवण्यापेक्षा हे फार बरं.

इंदुरात बहुतेकदा हे घरीच जमवावं लागतं: भेटीला येणारे डॉक्टर, नर्स आणि तुम्ही. औषधं सगळी बंद होत नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर बहुधा काढतात, पण लघवीची गोळी चालूच राहते, कारण ती सोडली की पाणी साठून धाप वाढते. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर त्याचा शॉक बंद करून घ्या, नाहीतर शेवटच्या तासांत ते झटके देत राहू शकतं. साध्या पेसमेकरला हात लावायची गरज नसते.

धाप न शमल्यास मॉर्फीन अगदी कमी मात्रेत देतात. किडनी थकलेली असल्याने मात्रा आणि अंतर डॉक्टरच ठरवतील. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. इथेच बहुतेक घरं चुकतात. मॉर्फीन प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही. मोठ्या दवाखान्याच्या कॅन्सर विभागात चौकशी करा, आजार कॅन्सरचा नसला तरी.

धाप लागली की आडवं करू नका. बसवा, पुढ्यात टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकवू द्या, आणि छोटा पंखा गालावर वारा लागेल असा धरा. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप खरोखर कमी होते.

आयुष्मान कार्ड भरतीसाठी आहे; घरच्या नर्सचा, ऑक्सिजन मशीनचा खर्च त्यातून निघत नाही, तो आधीच धरून चला. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर लावा, कारण घाबरून कोणी १०८ ला फोन केला की ठरवलेलं सगळं बाजूला राहून भरती होते.

अवघड आहे, पण हेही आत्ताच विचारून ठेवा: घरी मृत्यू झाला तर कारणाचा फॉर्म ४-अ कोणते डॉक्टर भरून देतील? अलीकडे त्यांना तपासलेले डॉक्टरच तो देऊ शकतात, आणि नगर निगमात नोंद २१ दिवसांत करायची असते.