सोलापूरच्या मध्यवस्तीत रात्री उघडी असणारी दुकानं, हॉटेलं, टॉकीज कुठे गेली?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती या भागात पूर्वी रात्री काय काय उघडं असायचं आणि त्यातलं काय आता राहिलं नाही. आजोबा मिलमध्ये होते एवढंच घरी ऐकलंय, असंही लिहिलंय. मी टिळक चौकाच्या मागच्या बाजूला वाढलो, वडील कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. म्हणून तुमच्या प्रश्नातली आजोबांची ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोलापूरची रात्र मिलच्या पाळ्यांवर चालायची. अमुक हॉटेल किंवा दुकान का बंद पडलं याचं कारण शोधायचं तर बहुतेक वेळा मिलच्या गेटपर्यंत जावं लागतं.

आधी गावाची मांडणी डोळ्यांसमोर आणा. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम, या मिल पश्चिमेला, रेल्वेच्या अंगाने. मागवाल्यांची वस्ती पूर्वेला: साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगर. बाजार मधोमध. जुनी मिल १८७७ ची, म्हणजे रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग मिल आल्या. मिलला लागून चाळी होत्याच, पण पुष्कळ कामगार पेठांमध्ये राहायचे. त्यांना कामावर जाताना आणि येताना बाजारातूनच जावं लागे. हा रोजचा येण्याजाण्याचा रस्ता हेच मध्यवस्तीतल्या दुकानांचं भांडवल होतं. भोंगा झाला की अर्ध्या तासात रस्ता भरायचा, पुढच्या अर्ध्या तासात रिकामा व्हायचा. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमाराला सुटायची आणि तिसरी चढायची. सुटलेले भुकेले असत, चढणाऱ्यांना चहा हवा असे. एवढं लक्षात घेतलं की रात्री बारा वाजता भट्टी पेटलेली हॉटेलं का होती ते सांगावं लागत नाही.

त्यातली बरीच हॉटेलं बिनपाटीची होती. मालकाच्या नात्यावरून नाव पडायचं: अण्णाचं, मामाचं, अप्पाचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक होतं. दोन लाकडी बाकं, पत्र्याचं छप्पर, दर्शनी भागात कोळशाची भट्टी, तिच्यावर पितळी पातेलं. रात्री भजी तळली जायची आणि पहाटे पहिल्या पाळीच्या आधी सुशीला व्हायचा. भिजवून पिळलेले चुरमुरे, त्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वरून दाण्याचं कूट. बशी गरम असायची. भिंतीवर सिद्धेश्वरांचा फोटो आणि त्याच्याखाली खिळ्याला अडकवलेली उधारीची वही. वहीत नावापुढे खात्याचं नाव लिहिलेलं असे, कारण एकाच नावाची चार माणसं असायची: अमुक साचेखाता, तमुक कांडी (सूत कांडीवर भरण्याचं खातं). पगार झाला की हिशेब चुकता व्हायचा. मालक कन्नड बोलायचा, चहा देणारा पोरगा तेलुगू, गिऱ्हाईक मराठी, आणि सगळे एकमेकांना सोलापुरीत हाका मारायचे. ‘काय बे, झोपूलालास काय, पाळी सुटली की,’ असं ओरडून त्या पोराला उठवलेलं मी कितीदा तरी ऐकलंय.

खानावळींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांची आठवण फारसं कोणी काढत नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी, आळंद, अशा भागांतून माणसं एकटीच मिलमध्ये कामाला यायची. कुटुंब गावी, इथे एका खोलीत सहा-सात जण. त्यांचं घर म्हणजे खानावळ. लिंगायत खानावळ अशी पाटी असली की आत मांसाहार नाही हे कळायचं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, एक पातळ भाजी, ताक. रातपाळीवाल्यांसाठी भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली असायची. बऱ्याच खानावळी विधवा किंवा टाकलेल्या बायका चालवायच्या आणि त्यावर मुलं शिकवायच्या. आज शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाकिटात घालून पुण्या-मुंबईला विकली जाते, त्याचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण मिलमधल्या माणसाचा डबा बिघडू नये म्हणून जी भाकरी पत्र्यासारखी वाळवली जायची ती थापणाऱ्या बायकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या आजोबांनी अशा एखाद्या खानावळीत काही वर्षं काढली असतील, तर त्याबद्दल घरात नक्की विचारा.

आता टॉकीज. सोलापूर सिनेमावेडं गाव. भागवतांच्या टॉकीजमध्ये तर एकाच आवारात कितीतरी पडदे, मल्टिप्लेक्स हा शब्द कोणी ऐकला नव्हता तेव्हापासून. एकाचं तिकीट संपलं तर शेजारच्या खिडकीवर जायचं, पण सिनेमा बघूनच घरी यायचं. शिवाय प्रभात, मीना, गेंट्याल. गेंट्याल टॉकीजने तर चौकालाच नाव दिलं. पूर्व भागात तेलुगू सिनेमे लागायचे आणि त्यांना मराठी पोरंही जायची. शेवटचा खेळ नऊ ते बारा. तो सुटायची वेळ आणि दुसरी पाळी सुटायची वेळ जवळजवळ एकच, त्यामुळे बारा ते साडेबारा हा मध्यवस्तीतला सगळ्यात गजबजलेला अर्धा तास असायचा. हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण आता साडेदहाला नवी पेठेत शटर खाली आलेली असतात.

टॉकीजला लागून सायकल स्टँड असायचा. तोही गेला. पत्र्याचे दोन बिल्ले, दोघांवर एकच आकडा ठोकलेला. एक हँडलला अडकवायचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. कडा इतक्या झिजलेल्या असायच्या की आकडा बोटाने चाचपून ओळखावा लागे. सिनेमाभर तो बिल्ला घामेजल्या मुठीत धरलेला असायचा, कारण हरवला तर सगळ्या सायकली निघून जाईपर्यंत थांबावं लागायचं. स्टँडवाला शेवटची सायकल जाईपर्यंत हलायचा नाही. त्याच्या कंदिलाशी दाणेवाला, त्याच्या शेजारी पानवाला. एका खेळावर ही तीन-चार घरं चालायची. टॉकीजवर पडदा पडला की तेवढीच बातमी छापून येते, या घरांचं कोणी विचारत नाही.

तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानंही त्याच काळातली. वहीत नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ. ओळख नसेल तर ओळखीचं माणूस सोबत आणायचं. खेड्यातून आलेल्या नव्या कामगाराला पहिल्या पगारापर्यंत हीच सोय होती. त्यानंतरच्या काळात कॅसेट भरून देणारे आले. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायची. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, सगळं एकाच दुकानात. सीडी आली, मग मोबाइल आला आणि ती दुकानं दोन-तीन वर्षांत साफ झाली. त्यांच्याबाबतीत मिलचा काही संबंध नाही, तो काळाचा फटका सगळीकडेच बसला.

पब वगैरे म्हणाल, तर तसं सोलापुरात काही नव्हतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर परवाने सुटले तशा परमिट रूम आल्या, त्यांची गर्दीही पगाराच्या आठवड्यात. पूर्व भागात ताडीची दुकानं होती. दिवसभर सुताच्या धुळीत, कानठळ्या बसणाऱ्या आवाजात उभं राहिलेला माणूस संध्याकाळी तिथे का बसायचा हे मी समजू शकतो. पण त्या दुकानांबाहेर पगाराच्या दिवशी पोरांना घेऊन उभ्या राहिलेल्या बायाही मी पाहिल्यात. या आठवणींना मी हळवेपणाने ‘ते दिवस’ म्हणणार नाही.

दिवाळीच्या आधी बोनस वाटला जायचा तेव्हा मात्र नवी पेठ आणि चाटी गल्ली बघण्यासारखी. चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात गादीवर बसायचं, ठाण उलगडलं जायचं, वडील कापड बोटांत चोळून ताणा-बाणा बघायचे. स्वतः विणणारा माणूस, त्याला दुकानदार फसवू शकत नव्हता आणि दुकानदारही त्याचं मत विचारायचा. तो मान मला कुठल्याही चकचकीत शोरूममध्ये पुन्हा दिसला नाही. बोनस किती टक्के जाहीर झाला यावर व्यापारी माल भरायचे. सराफ बाजारात त्याच आठवड्यात मोडही यायची आणि खरेदीही व्हायची.

हे गाव मिलवर किती टेकलेलं होतं याचा पुरावा फार आधीचा आहे. जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो निकाल वकिलीच्या अभ्यासात आजही शिकवतात. एका गावातली एक मिल थांबू नये म्हणून दिल्लीत कायदा झाला होता. चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच गावातल्या मिल एकामागोमाग एक थांबल्या तेव्हा तसं काही झालं नाही.

मुंबईचा १९८२ चा गिरणी संप सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोललं गेलं, लिहिलं गेलं. सोलापूरचं संपणं हळूहळू झालं. आधी एखादं खातं बंद, मग एक पाळी कमी, मग ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरती कामबंदी, मग गेटवर कुलूप. नव्वदीचं दशक सरून नवं शतक लागेपर्यंत मोठ्या मिलचं बरंचसं आवरलं होतं. हॉटेलंही तशीच गेली. तिसरी पाळी बंद झाली त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या हॉटेलवाल्या मामांनी रात्रीची भट्टी विझवली. दिवसा चालू होतं, पण उधारीची वही फुगत गेली आणि ती वसूल करायला ते कोणाच्या दारात गेले नाहीत. काही वर्षांनी त्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं.

लोक म्हणतात मॉल आले, ऑनलाइन खरेदी आली, पार्किंग नाही, म्हणून मध्यवस्ती ओस पडली. ही कारणं खोटी नाहीत, पण ती नंतरची आहेत. मॉल येण्याच्या आधीच रात्रीचं गिऱ्हाईक संपलं होतं. मिलमधून सुटलेला कामगार रिक्षा चालवायला लागला, वॉचमन झाला, त्याची पोरं शिकून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली. जी राहिली ती यंत्रमागावर. यंत्रमाग पूर्व भागात, घरालगत. तिथून टॉवेल आणि चादरी आजही निघतात, पण तो कामगार काम सुटल्यावर नवी पेठेतून चालत जात नाही. वाटच बदलली.

रात्री आज काय आहे म्हणाल तर पार्क चौपाटी आहे, स्टेशनकडची हॉटेलं आहेत, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, तेव्हा होम मैदान रात्री उशिरापर्यंत जागं असतं. त्या दिवसांत या. गर्दीत पाळण्याजवळ उभे राहून ऐकाल तर तीन भाषा एकाच वाक्यात ऐकू येतील. मध्यवस्तीत पूर्वी रोज तसंच ऐकू यायचं.

तुम्हाला खरंच शोध घ्यायचा असेल तर असं करा. आजोबा कोणत्या मिलमध्ये होते, कोणत्या खात्यात होते आणि कुठे राहायचे, या तीन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जुनी सर्व्हिस बुकं, प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या, गेटपास ट्रंकेत पडलेले असतात, त्यावर खातं लिहिलेलं असतं. मग मिलच्या गेटपासून त्यांच्या घरापर्यंत चालत जा आणि वाटेतल्या साठीच्या पुढच्या कोणत्याही दुकानदाराला ‘दुसरी पाळी सुटल्यावर इथे काय उघडं असायचं?’ एवढंच विचारा. हिराचंद नेमचंद वाचनालयात ‘संचार’ दैनिकाचे जुने अंक बघायला मिळतात का तेही विचारा. टॉकीजच्या जाहिरातींवरून कोणत्या आठवड्यात कुठे काय लागलं होतं ते कळेल. मिल आणि पेठ कळली की इथेच लिहा, त्या वाटेवरची हॉटेलं, खानावळी, स्टँड मला आठवतील तेवढे सगळे सांगतो.