इस्रोत इंटर्नशिप मिळाली, पण "मी तिथं नुसता बसून असतो"

मे-जून आला की माझ्याकडे समुपदेशनात ही तक्रार हमखास येते. मॅडम, इंटर्नशिप चांगल्या ठिकाणी मिळालीय पण मला तिथलं काही कळत नाही, एक दिवस उघडा पडणार. अंतराळ संशोधन केंद्र असेल तर दडपण जरा जास्तच, कारण घरच्यांच्या डोक्यात तिथं जाणारा प्रत्येक जण डायरेक्ट रॉकेटच सोडतो. त्यातली एक केस सांगते, मुलाला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सांगलीकडचा, मेकॅनिकल, तिसरं वर्ष संपलेलं. तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई स्पेस सेंटरमध्ये उन्हाळी इंटर्नशिप. पत्र आलं आणि गावात चौकात फ्लेक्स लागला, "इस्रोमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुकांची ही रांग. प्रत्यक्षात काय, तर एका लॅबच्या कोपऱ्यात टेबल, जुन्या टेस्टचा डेटा आणि त्याचे ग्राफ काढायचं काम, गाइड सर मीटिंगमध्ये. फोन गेटवर जमा त्यामुळे दिवसभर घरच्यांचे मिस्ड कॉल, आणि संध्याकाळी वडिलांचा ठरलेला प्रश्न, आज काय बनवलंस? हा सांगायचा, पप्पा ते कॉन्फिडेन्शियल आहे. अर्धं खरं होतं ते, म्हणून तर पचायचं नाही त्याला.

पीजीच्या गच्चीवरून त्याने कॉल केला तेव्हा म्हणाला अर्ध्यात सोडून येतो, कावीळ झाली सांगतो. मी आधी झोप, जेवण आणि मनात स्वतःला इजा करायचे विचार येतात का हे सरळ विचारून घेतलं, हे विचारायला लाजायचं नसतं. तसं काही नव्हतं, झोप मात्र बिघडली होती. (ज्यांना तसे विचार येतात त्यांनी इंटर्नशिपचा हिशोब नंतर करावा, आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावावा, मराठीतही बोलता येतं.)

मग म्हटलं, तो डेटा कशाचा ते राहू दे, पण तुझं काम ज्या विषयातलं आहे तो मला समजव, मला इंजिनिअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. त्याने बॅगेतली स्टीलची पट्टी काढली आणि कॅमेऱ्यासमोर वाकवली. बघा मॅडम, इथं वरच्या बाजूला स्ट्रेन गेज, म्हणजे किती ताणलं गेलं ते मोजणारी छोटीशी पट्टी, चिकटवलं की पट्टी ताणली जाते तशी गेजमधली बारीक तारही ताणली जाते आणि तिचा रेझिस्टन्स वाढतो, पण किती, तर 350 ओहमच्या गेजमध्ये हजार मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर ताणलं तर, जेमतेम 0.7 ओहम, म्हणून तो मोजायला व्हीटस्टन ब्रिज नावाचं सर्किट लागतं. एकदाही न अडखळता बोलला. मग आवाज खाली आला, एका चॅनेलची, म्हणजे एका गेजच्या नोंदींची, रेघ लोड नसतानाही शून्यावरून सरकतेय, का ते कळत नाही, आणि सरांना विचारलं तर म्हणतील एवढंही येत नाही का. म्हणून ते चॅनेल त्याने ग्राफमधून गाळूनच टाकलं होतं!

इथं माझं काम मला सापडलं. न येणं हा प्रॉब्लेम नव्हताच, लपवणं हा होता. अशा वेळी लोक 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 या रॉकेटचं पहिलं उड्डाण कसं फसलं आणि कलामसर कसे खचले नाहीत ते सांगतात. मी नाही सांगत. पोरांना ते पाठ असतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचं अपयश ऐकून आपली छोटी लाज कमी होत नाही, उलट वाटतं आपलं तर अपयशसुद्धा किरकोळ.

मी एवढंच ठरवून दिलं की रोज जेवणाच्या सुट्टीआधी एक प्रश्न विचारायचा, वहीत लिहून, आणि आपण काय काय बघितलं ते आधी सांगायचं. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गाइड कॉरिडॉरमध्ये सापडले तिथंच विचारलं. ते म्हणे चालता चालता थांबले, टेम्परेचर बघितलंस का म्हणाले, आणि भिंतीला वही टेकवून डमी गेज काढून दाखवलं, म्हणजे त्याच धातूच्या पण लोड नसलेल्या तुकड्यावर दुसरं गेज लावतात, तापमानाने होणारा बदल दोन्हीकडे सारखाच होतो आणि ब्रिजमध्ये कटतो. वर म्हणाले ते चॅनेल परत घाल, सरकतंय हेच तर लिहायचंय रिपोर्टमध्ये.

त्यानंतर माझ्याकडचे कॉल आपोआप कमी झाले. एका सुट्टीला तिथल्याच थुंब्याच्या चर्चमधलं म्युझियम बघून आला, जिथं 1963 साली भारतातून पहिलं रॉकेट सोडायच्या वेळी ऑफिस होतं, आणि त्याबद्दलच तासभर बोलला.

घरचं प्रकरण राहिलं होतं. ते त्यानेच सांगायचं असं ठरलं, पप्पा मी ग्राफ काढतो. वडिलांनी मग मलाच फोन लावला, म्हणजे मॅडम, नोकरी पक्की नाही का? म्हटलं दादा, इंटर्नशिपने नोकरी पक्की होत नाही, तिथं इंजिनिअरची भरती वेगळी निघते, तिची परीक्षा-इंटरव्ह्यू सगळं वेगळं. जरा गप्प झाले. मग म्हणाले, बरं, पण ग्राफ बरोबर काढतोय ना?

म्हटलं, आता काढतोय.