बॅकअप सर्व्हरवर कोणती फाइल सिस्टीम?

प्रश्न : आमची आंबा बागायतदारांची छोटी संस्था आहे. बिलं आणि सातबाऱ्यांच्या स्कॅनच्या बॅकअपसाठी ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्यात. फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था) म्हणून एक्सटी४ टाकू, झेडएफएस, की क्लाउडवर ब्लॉक स्टोरेज (सर्व्हरला जोडायची डिस्कसारखी जागा) भाड्याने घेऊ?
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, झेडएफएस घ्या, दोन्ही डिस्कचा मिरर करून, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती ठेवून. ती प्रत्येक ब्लॉकचा (माहितीच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे तुकडा बिघडलाय का ते ओळखायचा आकडा, ठेवते. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या ब्लॉकची तपासणी) चालवलंत की एका डिस्कवरचा बिघडलेला ब्लॉक दुसरीवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होतो. एक्सटी४ भरवशाची आहे, पण फायलीतला मजकूरच बिघडला तर तिला पत्ता लागत नाही. सातबारा उघडेपर्यंत तुम्हालाही नाही. रोज रात्री स्नॅपशॉट (फायली त्या क्षणी जशा होत्या त्याची नोंद) घ्या, चुकून पुसलेलं परत मिळतं.

मात्र मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा यूपीएस हवाच. आणि वीज पडून दोन्ही डिस्क एकदम गेल्या तर? एक प्रत गावाबाहेर ठेवाच. त्यासाठी ब्लॉक स्टोरेज नको: ते सर्व्हरला जोडावं लागतं, शिवाय रिकाम्या जागेचंही भाडं पडतं. ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे क्लाउडवर फायली थेट ठेवायची सोय, बघा. हंगामाची धांदल सुरू होण्याआधी, जानेवारीतच, एखादी फाइल खरोखर परत काढून पाहा.